काळी चार आणि आमच्या बाई

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे पत्र आले. शाळेच्या निकालांविषयी आणि क्रीडांगणाविषयी इतर जण लिहितीलच. मी केवळ संगीताच्या बाईंविषयी लिहिणार आहे.

शनिवारी सकाळच्या शाळेतला शेवटचा तास समूहगीताचा असे. बाई पेटीवर काळी चारचा, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या स्वराचा, उंच षड्ज (मूळ ‘सा’) धरीत, क्वचित काळी पाचचाही. लहान मुलांना पुरुषी पट्टीत गायला लावले की ती एक तर पुटपुटतात, नाही तर बेंबीच्या देठापासून ओरडतात, हे त्यांना पुरते ठाऊक होते. ‘शेजारच्याचा आवाज ऐकू येईल इतकेच गा,’ हा त्यांचा एकमेव नियम. बेसूर मुलाला त्यांनी कधी गटातून काढले नाही. त्याला दोन सुरेल मुलांच्या मधोमध बसवीत आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्याचाही सूर बहुधा लागू लागे.

तिसरीत माझ्या बाकावरचा मित्र बोलताना फार अडखळे. हजेरीला ‘उपस्थित’ म्हणताना ‘उ’वरच त्याची गाडी अडे आणि वर्ग हसे. समूहगीतात मात्र तो अख्खे कडवे सलग म्हणत असे. बाईंनी हे हेरले आणि कविता व पाढे सगळ्या वर्गाकडून केरव्याच्या ठेक्यावर एकत्र म्हणवून घ्यायला सुरुवात केली. हे कुणासाठी चालले आहे, याचा त्यांनी आम्हाला पत्ताही लागू दिला नाही. त्याचा तोतरेपणा कायमचा गेला असे मी म्हणणार नाही, पण वर्गाचे हसणे थांबले. तालात किंवा इतरांबरोबर बोलताना अडखळणे बहुतेकांचे तात्पुरते कमी होते, हे मी पुढे वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो.

आज कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून काम करताना, सतत ओरडल्याने स्वरतंतूंवर बारीक गाठी आलेली मुले मी नेहमी पाहतो. त्यांना औषधापेक्षा आवाज कसा वापरावा हेच शिकवावे लागते, आणि मी बाईंचाच नियम सांगतो. लहानांचे स्वरतंतू आखूड, म्हणून त्यांची पट्टी उंच. तरीही हल्ली अनेक शाळांत परिपाठाला मोठ्यांच्या पट्टीतली ध्वनिमुद्रित प्रार्थना लावली जाते आणि मुले हात जोडून नुसती उभी राहतात. स्पर्धेपुरते दहा-बारा गळे तेवढे तयार केले जातात, याचे फार वाईट वाटते.

आपल्या शाळेला नवी पेटी व तबला घेऊन देण्याची माझी तयारी आहे. मात्र तिसरी-चौथीच्या समूहगीतासाठी एकाही मुलाची निवडचाचणी घेतली जाऊ नये, एवढी अट मुख्याध्यापकांनी मान्य करावी.