थंड असताना चालू, गरम झालं की बंद

आमची जळाऊ लाकडाची वखार आहे, अक्कलकोट रोडला. गाठाळ बाभूळ कुऱ्हाडीनं फोडायला आता माणूस मिळत नाही, म्हणून हायड्रॉलिक पाचरीचं मशीन घेतलं. त्यावर १९६ सीसीचं, साडेसहा एचपीचं पेट्रोल इंजिन. पहिलं वर्ष तक्रार नाही. मग ऐन लग्नसराईत, आचाऱ्यांचे फोनवर फोन येत असताना, त्यानं छळायला सुरुवात केली. अर्धा तास झकास चालायचं आणि फटकन बंद. दोरी ओढून खांदा निखळायची वेळ यायची, तरी ढिम्म. जेवून आलं की पहिल्या ओढीला चालू!

टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक तुंबलं तरी असंच होतं, म्हणून झाकण सैल ठेवून चालवलं. फरक नाही. ऑइल बरोबर होतं, मशीनही सपाट जागेवर होतं. (उतारावर असेल तर ऑइलचा सेन्सर उगाच इंजिन बंद करतो, हे ध्यानात ठेवा.)

वॉरंटी होती, म्हणून सर्व्हिस सेंटर. तिथंच सगळं अडकलं. टेम्पोतून नेईपर्यंत इंजिन गार. काउंटरवरचा पोरगा दोरी ओढणार, इंजिन सुरू होणार, आणि तो म्हणणार, "चालू आहे की ओ अण्णा!" अर्धा तास चालवून बघा म्हटलं, तर आवाजाचा त्रास होतो म्हणे. इंजिनाच्या दुकानात! मग "मशीन ठेवून जा", आणि परत नेताना हातात कार्बोरेटर सफाईचं बिल. ते वॉरंटीत बसत नाही, कारण "पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं ना". इथेनॉल पाणी ओढतं आणि बरेच दिवस उभ्या इंजिनाचा जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) तुंबतो, हे खरंच आहे. पण जेट तुंबलेलं इंजिन गार असतानाही रडतं, चोक ओढला की जरा सुधारतं. माझं तसं काहीच नव्हतं. हे बोललो, तर "तुम्ही मेकॅनिक आहात का?" पुढच्या खेपेला परत तेच. परत सफाई, परत बिल.

शेवटी एमआयडीसीतल्या पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी फोनवर एकच गोष्ट सांगितली: बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच ठिणगी बघा. इंजिनातला प्लग जागेवरच ठेवला, म्हणजे पेट्रोलची वाफ बाहेर येत नाही. कॅप काढून दुसऱ्या प्लगला लावली, त्याचं अंग हेडच्या बोल्टला टेकवून पक्कं बांधलं आणि दोरी ओढली. ठिणगी नाही. मग कॉइलकडून (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) स्विचकडे जाणारी बारीक वायर सोडली. त्यानं स्विच आणि ऑइल सेन्सर दोन्ही बाजूला पडतात. तरी नाही. गार झाल्यावर तीच कॉइल निळी ठिणगी द्यायला लागली! म्हणजे कॉइल गरम झाली की तिची आतली जोडणी तुटते. हे करताना वायर सुटलेली असेल तर इंजिन स्विचनं बंद होत नाही, पेट्रोलचा कॉक बंद करावा लागतो.

सगळ्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला, काउंटरवर दाखवला आणि जॉब कार्डावर "गरम झाल्यावर ठिणगी नाही" असं त्यांच्याच हातानं लिहून घेतलं. मगच कॉइल मंजूर झाली. तेव्हा कोणाला तक्रार सांगायची असेल तर "बंद पडतं" एवढंच सांगू नका. कधी, किती वेळानं आणि तेव्हा ठिणगी होती का, ते लिहूनच घ्या.

नवी कॉइल बसवताना मॅग्नेटपासून ०.४ मिमीचं अंतर फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) ठेवलं. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८. फिलर गेज हातात होतंच, तर टॅपेटही (व्हॉल्व्हजवळची फट) बघितले, गार इंजिनावर: इनलेट ०.१५, एक्झॉस्ट ०.२०. आपल्याकडच्या धुळीत आणि लाकडाच्या भुशात फिल्टरचा फोम पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या आधीच काळा होतो. कूलिंगच्या पात्यांमध्येही भुसा बसतो, तो ब्रशनं काढा. कॉइलला उष्णता त्यामुळेच जास्त लागते. आणि हात घालण्याआधी प्लगची कॅप काढून ठेवायची, हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं.

आता मशीन दिवसभर चालतंय. कार्बोरेटर सफाईचे पैसे परत मागितले. "वरिष्ठांना विचारतो" म्हणाले, अजून विचारतायत.