उचल

आबांनी अमेरिकेला येताना तीन वह्या आणल्या होत्या. एक रामनामाची, एक हिशेबाची आणि एक कोरी, "असू दे, लागती कधीतरी" म्हणून. ती व्हॉलीबॉलला लागेल असं त्यांच्याही मनात नसणार.

आम्ही राहतो नेब्रास्कात, लिंकनला. या राज्यात व्यावसायिक फुटबॉलच्या एनएफएलचा संघ नाही, बास्केटबॉलच्या एनबीएचा नाही. त्यामुळे लोकांच्या मनात खेळाबद्दल जे काही दाटून येतं ते सगळं विद्यापीठाच्या संघांवर ओतलं जातं. त्यात मुलींच्या व्हॉलीबॉलचं स्थान देव्हाऱ्यातलं. २००१ पासून घरच्या मैदानावरचा प्रत्येक सामना हाउसफुल्ल आहे. ३० ऑगस्ट २०२३ रोजी तर फुटबॉलच्या स्टेडियममध्ये कोर्ट मांडून सामना खेळवला आणि ९२,००३ माणसं आली. हा आकडा इथल्या पोरासोरांना पावकीसारखा पाठ आहे. मी तेव्हा फोनवर आबांना सांगितला, तर पलीकडून बराच वेळ आवाजच नाही. मग म्हणाले, "तिकीट लावून?"

आबा स्वतः खेळलेले. वाळवा तालुक्यात, फक्कीने आखलेल्या मैदानावर, एका बाजूला बाभळ आणि दुसऱ्या बाजूला जाळं बांधायला बैलगाडी, अशा थाटात. ते लिफ्टर. इकडे ज्याला सेटर म्हणतात त्याला आबांच्या मंडळात लिफ्टर म्हणायचे आणि तो जे करतो त्याला 'उचल'. स्मॅशरला चेंडू उचलून द्यायचा आणि बाजूला व्हायचं. जत्रेतल्या स्पर्धांना उत्कृष्ट खेळाडूचं बक्षीस असायचं, स्टीलची कळशी किंवा भिंतीवरचं घड्याळ. आबांच्या संघाला अशी पाच घड्याळं मिळाली आणि पाचही स्मॅशरांच्या घरी टांगली गेली. आबांना एकदा 'उत्तेजनार्थ' म्हणून नॅपकिन मिळाला होता. आई तो पोळ्या गुंडाळायला वापरायची.

२०२४च्या सप्टेंबरात आबा सहा महिन्यांसाठी आले. माझी तेरा वर्षांची लेक सेटर आहे हे कळल्यावर त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वाईट झालं."

कॉलेज व्हॉलीबॉलचा हंगाम ऑगस्टअखेरीस सुरू होतो आणि डिसेंबरात संपतो. खेळ चार महिन्यांचा, पण बक्षिसांची चर्चा पहिल्या आठवड्यापासून. दर सोमवारी आठवड्याची खेळाडू जाहीर होते. नियमित हंगाम संपला की, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या मागेपुढे, परिषदेचे पुरस्कार. परिषद म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. आमची परिषद बिग टेन. नावात दहा, २०२४ पासून संघ अठरा, आणि याचं इथे कुणालाही काही वाटत नाही. वर्षाची खेळाडू, वर्षाची सेटर, वर्षाची नवोदित, पहिला संघ, दुसरा संघ, मतं प्रशिक्षकांची. त्यानंतर देशपातळीवर अमेरिकन व्हॉलीबॉल प्रशिक्षकांची संघटना, एव्हीसीए, आपले ऑल-अमेरिकन संघ काढते. पहिला, दुसरा, तिसरा आणि मग 'ऑनरेबल मेन्शन'. कोर्टावर सहा जणी खेळतात, पण ऑल-अमेरिकन पहिल्या संघात नावं चौदा. आबांना हे फार आवडलं. "लग्नपत्रिका आहे," म्हणाले, "कुणी रुसायला नको." ऑनरेबल मेन्शनचा अर्थ त्यांना सांगावाच लागला नाही.

आमच्या घरात भांडण पेटलं ते आकड्यांवरून. नवरा पुण्याचा आणि पेशाने विदाशास्त्रज्ञ. तो सामना बघत नाही, सामन्यानंतरचा तक्ता बघतो. त्याचं म्हणणं, पुरस्कार कुणाला द्यायचा यात वाद कसला, हिटिंग पर्सेंटेज काढा. मारून जिंकलेले गुण म्हणजे किल, त्यातून मारताना झालेल्या चुका वजा करा, उरलेल्याला एकूण प्रयत्नांनी भागा. मधली ब्लॉकर, म्हणजे जाळ्याशी हात वर करून चेंडू अडवणारी, २५ वेळा मारते, १२ किल, २ चुका: ०.४००. डाव्या कोपऱ्यातली आउटसाइड हिटर ५० वेळा मारते, २० किल, ८ चुका: ०.२४०. विषय संपला.

"बाबा, तू कधी मॅच बघितलीयस का?" लेकीने विचारलं. मग तिने पोळीचे तुकडे मांडून समजावलं. मधलीला चेंडू मिळतो तो पास सुरेख आला तरच. जवळून, झटकन, समोरच्या ब्लॉकला कळायच्या आत. पास बिघडला, मागे राखणारी लिबेरो कुठेतरी आडवी पडली, सेटर एंडलाइनकडे धावत सुटली, की तो चेंडू उंच टोलवून द्यायचा आउटसाइडला. तिच्यासमोर दोघी-तिघी हात वर करून तयारच. तिथे तिने चेंडू नुसता कोर्टात ठेवला तरी उपकार.

"म्हणजे थोरली सून," आबा म्हणाले. "जे कुणाला जमंना ते तिच्या गळ्यात. आणि वर बोलणं पण तिलाच."

नवऱ्याने शेवटी कबूल केलं की टक्केवारीला वजन लावायला हवं आणि लॅपटॉप उघडला. त्या रात्री तो दोन वाजता झोपला.

पण खरी ठिणगी पडली ती 'पॉइंट्स' नावाच्या रकान्यावरून. खेळाडूने एकूण किती गुण मिळवून दिले हे मोजायची तिकडची ठरलेली रीत अशी: प्रत्येक किलला एक, सर्व्हिसवर थेट मिळवलेल्या गुणाला एक, एकटीने केलेल्या ब्लॉकला एक, दोघी-तिघींनी मिळून केलेल्या ब्लॉकला प्रत्येकीला अर्धा. आबांनी चष्मा पुसला.

"आणि उचलीला?"

"शून्य."

"लोळण घेऊन काढलेल्या चेंडूला?"

"शून्य, आबा."

"अहो जावईबापू, मग मारायचा चेंडू आभाळातनं पडतो व्हय?"

सेटरच्या नावावर असिस्ट लागतात, हे खरं. पण असिस्ट कधी लागतो? तिने दिलेल्या चेंडूवर दुसरीने गुण काढला तर. तिने लोण्यासारखा चेंडू द्यावा आणि मारणारीने तो जाहिरातीच्या फलकावर घालवावा, तर कागदावर सेटरने काहीच केलेलं नसतं. आणि उलटही होतं. हातातून निसटलेला, वेडावाकडा चेंडू एखादी उंच मुलगी अशी काही ठोकते की सेटरला फुकटचा असिस्ट.

आबांच्या पट्ट्यात 'उचल' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. ऊसतोडीच्या टोळीला हंगामाआधी दिलेले पैसे. दिले की दिले, फिटले तर फिटले. त्या रात्री आबांनी कोरी वही काढली आणि दोन रकाने आखले: 'उचल' आणि 'फिटली'. पहिल्यात नेब्रास्काच्या सेटरने दिलेला प्रत्येक चांगला चेंडू, मारणारी पुढे काय दिवे लावते ते न बघता. दुसऱ्यात, गुण आला तर एक रेघ. तिथून पुढे डिसेंबरपर्यंत टीव्हीसमोर आबा, मांडीवर वही, शेजारी तक्क्याला टेकलेली नात आणि "ही चांगली होती का?" यावर रेघागणिक तंटा. नेब्रास्काची सेटर बर्गन रायली, २०२३ मध्ये पहिल्याच वर्षी बिग टेनची वर्षाची सेटर ठरलेली. आबा तिला 'आपली बर्गी' म्हणायला लागले.

सेटरला देशातली सर्वोत्तम खेळाडू ठरवल्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतकेच. पुढे बीच व्हॉलीबॉलमध्ये तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकणारी मिस्टी मे कॉलेजात सेटर होती, तिला १९९८ मध्ये हा मान मिळाला. त्या वर्षी तिचा लाँग बीच स्टेट एकही सामना हरला नव्हता. २००० मध्ये नेब्रास्काचीच ग्रेचाली सेपेरो. मग थेट केंटकीची मॅडिसन लिली, करोनामुळे २०२१च्या वसंतापर्यंत लांबलेल्या हंगामात. उलट उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. पेन स्टेटने २००७ ते २०१० अशी लागोपाठ चार विजेतेपदं जिंकली आणि शंभरावर सामने ओळीने जिंकले. त्यातल्या पहिल्या तीन विजेतेपदांना चेंडू देणारे हात अलिशा ग्लासचे. वर्षाची खेळाडू ठरली २००८ मध्ये निकोल फॉसेट आणि २००९ मध्ये मेगन हॉज, दोघी मारणाऱ्या. त्या काही कमी नव्हत्या, हे सांगायला हवं. नाहीतर पेन स्टेटवाले दारात येतील.

आणि लिबेरो! हिचं तर बोलायलाच नको. वेगळ्या रंगाचा शर्ट घालून मागे उभी. तिने ब्लॉक करायचा नाही, जाळ्याच्या उंचीवरून चेंडू मारायचा नाही, असा नियमच. म्हणजे ज्या गोष्टींना गुण आहेत त्यातल्या बहुतेक तिला कायद्यानेच बंद. अमेरिकन कॉलेजांत ही जागा २००२ पासून आहे आणि आजवर एकही लिबेरो एव्हीसीएची वर्षाची खेळाडू झालेली नाही. नेब्रास्काची लेक्सी रॉड्रिगेझ चार वर्षं खेळली आणि चारही वर्षं ऑल-अमेरिकन ठरली. आमच्या शेजारचे आजोबा, मक्याची शेती मुलाकडे सोपवून शहरात आलेले, तिच्याबद्दल मंदिरात बोलावं तसं हळू बोलतात. त्यांचा मुद्दा मात्र धारदार आहे: डिगची, म्हणजे खाली पडता पडता काढलेल्या चेंडूंची, संख्या बघूच नका. ती जिथे उभी असते तिथे समोरच्या मुली चेंडू मारतच नाहीत. न मारलेल्या चेंडूची नोंद कुठे करणार?

मी हे आबांना मराठीत सांगितलं. त्यांनी कुंपणावरून हात पुढे केला. दोघांमध्ये एक भाषा नाही, पण त्यानंतर रोज संध्याकाळी दोघं अंगणात उभे राहून हातवाऱ्यांनी डिग करायचे. गुडघे मात्र कुणीच वाकवत नव्हतं.

मला या वादांत एक गंमत दिसते. कुणीही तटस्थ नसतो आणि प्रत्येक जण तटस्थ असल्याचा आव आणतो. आपल्या मुलीची टक्केवारी चांगली असेल तर 'कार्यक्षमता महत्त्वाची', वाईट असेल तर 'ओझं कुणी वाहिलं ते बघा'. आपला संघ पहिला असेल तर 'विजेत्या संघातलीच हवी', नसेल तर 'एकटीने संघ ओढला'. नवऱ्याचं वजन लावलेलं सूत्र तयार झालं तेव्हा त्यातून पहिली आली नेब्रास्काचीच. त्याला मी काही बोलले नाही. आबा बोलले. "कारखान्याचा काटा आहे हा," म्हणाले. "ज्याचा काटा, त्याचं वजन."

डिसेंबरात उपांत्य फेरी लुइव्हिलला होती. १९ तारखेची रात्र. नेब्रास्का दोन सेटनी पुढे, समोर पेन स्टेट. चौथ्या सेटमध्ये मॅच पॉइंट आला आणि गेला. पाचवा सेटही गेला. पेन स्टेटची सेटर इझी स्टार्क पहिल्या वर्षाची मुलगी, तिला एव्हीसीएने त्या वर्षीची देशातली सर्वोत्तम नवोदित ठरवलं. लेक उशी तोंडावर घेऊन पडली होती. आबा रेघा मोजत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "त्या पोरीची उचल पण लिहायला पायजे होती."

त्याच रात्री पिट्सबर्गही हरलं होतं. आणि अंतिम सामना व्हायच्या आत वर्षाची खेळाडू जाहीर झाली ती पिट्सबर्गची ऑलिव्हिया बॅबकॉक. आदल्या वर्षीही तसंच: अंतिम फेरीत टेक्सास आणि नेब्रास्का, मान विस्कॉन्सिनच्या सारा फ्रँकलिनला. दोघीही मारणाऱ्या, दोघीही त्या मानाला शोभणाऱ्या. पण उपांत्य फेरीत घरी गेलेल्या संघातली खेळाडू वर्षाची सर्वोत्तम कशी, यावर शेजारचे आजोबा आणि माझा नवरा कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर अर्धा तास उभे होते. नवऱ्याचं म्हणणं, पुरस्कार हंगामाचा आहे, एका रात्रीचा नाही. आजोबांचं म्हणणं, पीक काढणीला मोजतात. मला दोघांचंही पटलं. तेवढ्यात कढी उतू गेली.

जानेवारीत लेकीच्या क्लबचे सामने सुरू झाले. एका मोठ्या गोदामवजा हॉलमध्ये आठ कोर्टं, शिट्ट्यांचा नुसता कल्लोळ, कुठली आपल्यासाठी ते कळायची सोय नाही. आबा घडीच्या खुर्चीवर, कानटोपी घालून, वही उघडून बसले. लेकीचा संघ दोन सेटमध्ये हरला. मारणाऱ्या मुलींचे चेंडू जाळ्यात, बाहेर, एकदा तर पंचांच्या अंगावर. तक्त्यात लेकीच्या नावापुढे असिस्ट लागले ९. घरी येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

फेब्रुवारीत आबा परत गेले. वही इथेच राहिली. त्या सामन्याचं पान फाडून लेकीने फ्रिजवर लावलं आहे. निळ्या शाईत, मोडीचं वळण असलेल्या अक्षरात लिहिलंय: उचल ३४. फिटली ९. आणि खाली, दोनदा अधोरेखित करून: ३ फार उंच.

तीन नव्हते, दोनच होते, असं लेकीचं म्हणणं आहे. दर रविवारी फोनवर हाच विषय निघतो. मागच्या रविवारी आबा अडीचवर आले.