बॅरिकेड नसलेल्या स्टेजसमोर

पंक म्हणजे वेगवान, कर्कश रॉक संगीत. त्याच्या फेस्टिवलच्या छोट्या हॉलमध्ये फोटोग्राफरला राखीव जागा नसते. मोठ्या कॉन्सर्टला असते. तिथे स्टेज आणि गर्दी यांच्यामध्ये लोखंडी बॅरिकेड लावलेलं असतं, त्याच्या आतल्या अरुंद पट्टीत आम्हाला सोडतात आणि बजावतात: पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही, मग बाहेर. हा नियम बहुतेक ठिकाणी असतो आणि पंकच्या बाबतीत मला तो कधीच पटलेला नाही. पहिल्या तीन गाण्यांत गायक अजून कोरडा असतो, गर्दी अंग चोरून उभी असते, शेजारच्याचा धक्का लागला तर लोक अजून सॉरी म्हणत असतात. बघण्यासारखं जे काही असतं ते त्यानंतर सुरू होतं.

त्या दिवशी माझ्याकडे छोटा हॉल होता, दुपारपासून रात्रीच्या शेवटच्या बँडपर्यंत. स्टेज जेमतेम गुडघ्याएवढं, आणि समोर काहीच नाही. फेस्टिवल चालवणारे सगळे स्वयंसेवक. त्यांच्यातली जी हॉल सांभाळत होती तिने सकाळीच मला सांगून टाकलं, "गिटारवाल्यांचे फोटो तर तू काढशीलच. मला समोरच्या माणसांचे जास्त हवेत. आणि जो नको म्हणेल त्याचा अजिबात नको."

शेवटचं वाक्य तिने सहज म्हटलं नव्हतं. इथे येणाऱ्यांत असे कितीतरी असतात की इथला त्यांचा अवतार घरी किंवा नोकरीच्या ठिकाणी कळू नये असं त्यांना वाटतं. म्हणून मी कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी नजरेने विचारते. मान हलली तर फोटो, हात आडवा झाला तर पुढे. गोंधळ चालू असतानाही हे विचारणं जमतं. एकदा लोकांना कळलं की ही विचारते, की मग ते कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून देतात, आणि मला तेच हवं असतं.

हॉलमधले दिवे म्हणजे दोन्ही बाजूंना लावलेले एलईडी, आणि तेही बहुतेक वेळ लाल. लाल एलईडीत चेहरा टिपणं फार अवघड. सेन्सरचा लाल चॅनल काठोकाठ भरतो, हिरव्या-निळ्यात जवळजवळ काहीच येत नाही, आणि गालाकपाळाची सगळी वळणं जाऊन एक सपाट लाल डाग उरतो. अशा वेळी मी एक्स्पोजर मुद्दाम कमी ठेवते आणि फोटो कृष्णधवल करायचा हे तिथेच ठरवून टाकते. इलेक्ट्रॉनिक शटर बंद, नाहीतर एलईडीच्या लुकलुकण्याचे पट्टे फोटोभर उमटतात. बँडने हो म्हटलं तर फ्लॅश लावते. शटर सेकंदाच्या पंधराव्या भागापर्यंत खाली आणायचं आणि फ्लॅश शटर मिटायच्या क्षणी उडेल असा ठेवायचा. आधी हात, केस, गिटारची मान यांच्या रेघा ओढल्या जातात आणि शेवटी फ्लॅश माणसाला जागच्या जागी पकडतो. अशा फोटोत कडा हलतात, पण त्या हलण्यातच ते संगीत असतं. १९७९ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये द क्लॅश या ब्रिटिश पंक बँडच्या पॉल सिमोननने आपला बेस गिटार स्टेजवर आपटला, तो क्षण फोटोग्राफर पेनी स्मिथने टिपला. फोटो फोकसमध्ये नाही, म्हणून बँडच्या अल्बमवर तो छापायला खुद्द तिचाच विरोध होता. आज पंक म्हटल्यावर जगाला आठवतो तो तोच फोटो.

दुपारचे बँड झपाट्याने होत गेले. ड्रमसेट आणि अँप, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र, सगळ्यांना मिळून एकच. प्रत्येक ड्रमर आपला स्नेअर ड्रम, आपले सिंबल म्हणजे धातूच्या थाळ्या, आणि पायाचं पेडल तेवढं बरोबर आणतो. एक बँड उतरतो, पंधरा-वीस मिनिटांत दुसरा चढतो, आणि उतरणारेच चढणाऱ्यांच्या वायरी सोडवून देतात. कुणाची तार तुटली तर आत्ताच वाजवून गेलेल्याची गिटार तिच्या हातात येते. मागायचीही वेळ येत नाही. एका ड्रमरच्या सिंबलला कडेपासून आत तडा गेला होता. तडा वाढू नये म्हणून त्याने तेवढा भाग अर्धगोल कापून काढला होता आणि कापलेली कड कानशीने घासून गुळगुळीत केली होती. काठीचे मार बसून बसून त्यावर काळपट चट्टे उठले होते, कापलेल्या जागी मात्र धातू अजून चमकत होता. मी वाकून त्याचा फोटो काढायला लागले तेव्हा तो म्हणाला, "नवा का घेत नाहीस, असं सगळे विचारतात. हा आवाज नव्यात येत नाही." त्याच्या बँडचा सेट, म्हणजे ओळीने वाजवलेली सगळी गाणी, मी त्या सिंबलच्या बाजूनेच टिपला.

संध्याकाळी तिघींचा एक बँड चढला. गायिकेने माइक हातात घेतल्याबरोबर बायकांना पुढे बोलावलं. ही प्रथा गायिका कॅथलीन हॅनाने नव्वदीच्या सुरुवातीला आपल्या बिकिनी किल या अमेरिकन पंक बँडच्या कार्यक्रमांत रुजवली. तेव्हा पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोर जिथे लोक एकमेकांवर आदळत नाचतात तिथे, मुली मागे भिंतीकडे ढकलल्या जायच्या. या हॉलमध्ये कुणी कुरकुर केली नाही. पुरुष दोन पावलं मागे सरकले, मुली पुढे आल्या, त्यांच्याबरोबर मीही एक गुडघा स्टेजच्या कडेला टेकवून बसले. माझ्या पाठीशी खिळे ठोकलेलं जॅकेट घातलेला एक धिप्पाड माणूस येऊन उभा राहिला. बायका पुढे असताना हा इथे काय करतोय, असं क्षणभर वाटलं. मग लक्षात आलं की त्याने स्टेजकडे पाठ केली होती आणि दोन्ही हात पसरून मागून येणारे धक्के स्वतःच्या छातीवर घेत होता. अख्खा सेट तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. पिटमध्ये कॅमेरा घेऊन गुडघ्यावर बसलेल्या माणसाला कुणीतरी अशी पाठ देतं, हे मी आता गृहीतच धरते, इतक्या वेळा ते झालंय.

तिसऱ्या की चौथ्या गाण्याच्या मध्येच उजवीकडच्या स्पीकरजवळची एक मुलगी कानाला हात लावून खाली वाकली. तिच्या शेजारणीने दोन्ही मनगटं डोक्यावर फुली करून धरली. ती खूण हातोहात पुढे आली, गिटारवालीने पाहिली, ड्रमरकडे वळून मान हलवली, आणि गाणं ओळीच्या मध्येच थांबलं. अँपची घरघर तेवढी राहिली.

"काय झालं?" गायिकेने विचारलं.

"हिअरिंग एड पडलंय हिचं."

गायिका काय म्हणाली ते मला शब्दाशब्दाने आठवतंय. "कुणीही पाय उचलू नका. ज्याचा पाय जिथे आहे तिथेच राहू दे. कडेचे लोक आधी बघा, मग आतले." दिवे सांभाळणाऱ्या मुलाने त्या हॉलमध्ये दिवसभरात पहिल्यांदा पांढरा उजेड टाकला. सगळ्यांचे फोन बाहेर आले, टॉर्च जमिनीकडे वळले. कानामागे लावायचं ते यंत्र बोटाच्या पेराएवढं, रंगाने करडं, आणि जमीन घामाने आणि सांडलेल्या पाण्याने चिकट झालेली. आत्तापर्यंत एकमेकांवर उड्या मारणारी माणसं पुतळ्यासारखी उभी होती आणि कंबरेत वाकून आपापल्या बुटांभोवतालचा हातभर तुकडा तपासत होती.

मी त्या मुलीकडे बघून कॅमेरा थोडा वर केला. तिने स्वतःच्या चेहऱ्यासमोर हात धरला आणि मग जमिनीकडे बोट दाखवलं. माझा नको, हे काढ. मग मी तेच काढलं: वाकलेल्या पाठी, जॅकेटवर हाताने शिवलेले पॅच, टॉर्चच्या उजेडात चमकणारी बुटांची टोकं. फ्लॅशची गरजच नव्हती.

यंत्र जमिनीवर नव्हतंच. माझ्या पाठीशी उभ्या असलेल्या त्या धिप्पाड माणसाने जीन्सचे पाय खालून दुमडलेले होते, आणि उजव्या पायाच्या त्या घडीत ते अलगद जाऊन पडलं होतं. सांगितल्याप्रमाणे त्याने पाय तसूभरही हलवला नव्हता. उकिडव्या बसलेल्या एका पोऱ्याला ते दिसलं. त्याने दोन बोटांनी उचलून वर धरलं तेव्हा हॉलमध्ये जो आरडाओरडा झाला तेवढा दिवसभरात कुठल्याही गाण्याला झाला नव्हता. ते हातोहात मुलीपर्यंत गेलं. तिने टीशर्टला पुसलं, डबीत ठेवलं, डबी खिशात घालून चेन लावली आणि अंगठा वर केला. ड्रमरने काठ्या चार वेळा वाजवल्या आणि गाणं जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं.

सेट संपल्यावर ती हिअरिंग एडवाली मुलगी मला स्वतःहून भेटायला आली. पिटमध्ये उतरताना एरवी ती यंत्र काढूनच ठेवते, म्हणाली. बेसच्या स्पीकरला टेकून उभं राहिलं की गाणं बरगड्यांतून पोचतं. पण ही गायिका गाण्यांच्या मध्ये बोलते आणि तिला ते बोलणं ऐकायचं होतं. आम्ही दोघी दाराशी ठेवलेल्या फुकट इअरप्लगच्या टोपलीजवळ उभ्या होतो. कामाच्या जागेची सुरक्षा आणि आरोग्य पाहणाऱ्या, अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेचा हिशोब असा आहे की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला १५ मिनिटं उरतात. अशा हॉलमध्ये आवाज १०० च्या पुढे सहज जातो, आणि आम्ही तिथे तासन् तास असतो. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हातात ती इअरप्लग कोंबत होती. "माझं ऐकणं जन्मापासून असंच आहे. तुमचं तसं नाही ना, मग घाला की," असं प्रत्येकाला म्हणत होती आणि लोक मुकाट्याने घालत होते.

गाणं थांबवणं ही पंकमध्ये शिकून आलेली गोष्ट आहे. २० आणि २१ सप्टेंबर १९७६ ला लंडनच्या १०० क्लबमध्ये पंक बँडचा दोन दिवसांचा महोत्सव झाला. सेक्स पिस्टल्स, द क्लॅश, बझकॉक्स, सुझी अँड द बॅन्शीज, द डॅम्ड असे त्यात वाजवून गेले. दुसऱ्या रात्री गर्दीतून फेकलेला ग्लास फुटला आणि त्याच्या काचेने एका मुलीच्या डोळ्याला इजा झाली. त्यानंतर त्या क्लबने पंकला दार बंद केलं. पुढे फुगाझी या अमेरिकन बँडचा गायक इयन मकाय पिटमध्ये मारामारी दिसली की वाजवणं थांबवायचा, आणि ऐकत नसेल त्याला तिकिटाचे पाच डॉलर परत करून बाहेर काढायचा. पिटमध्ये पडलेल्याला आधी उचलायचं हा नियम कुठे भिंतीवर लिहिलेला नसतो. पण पहिल्यांदा आलेला सोळा वर्षांचा मुलगाही तो पाच मिनिटांत शिकतो, कारण तो स्वतःच आधी पडतो आणि आठ हात त्याला उभं करतात.

शेवटचा बँड संपल्यावर मी मर्च टेबलाशी, म्हणजे बँडचे टीशर्ट वगैरे विकायच्या टेबलाशी, बसून फोटो निवडले. एका बाजूला टीशर्टच्या घड्या चालू होत्या, दुसऱ्या बाजूला कुणीतरी झाईनच्या, म्हणजे घरी फोटोकॉपी करून काढलेल्या छोट्या मासिकाच्या, प्रती स्टेपल करत होतं. झाईन करणाऱ्यांना वाकलेल्या पाठींचा फोटो हवा होता. फोटोकॉपीत करडे रंग टिकत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी मी काँट्रास्ट चढवून वेगळी फाइल केली आणि त्यात ओळखू येणारे दोन चेहरे कापून टाकले. मुलीने मात्र दुमडलेल्या जीन्सचा फोटो मागितला. तो माझ्याकडे होता, कारण पोऱ्या उकिडवा बसला तेव्हा मी त्याच्याच उंचीवर होते. मी बॅरिकेडच्या आत उभी असते, आणि तिसऱ्या गाण्यानंतर बाहेर गेले असते, तर यातलं काहीच माझ्या कार्डात नसतं.

निघताना हॉल सांभाळणारीने विचारलं, पुढच्या वर्षी इथेही बॅरिकेड लावावं असं काही जण म्हणतायत, तुझं काय मत? बाहेरच्या मुख्य स्टेजला ते हवंच. तिथे मागून हजारोंचा रेटा येतो, पुढचे लोक चेंगरू शकतात, आणि बॅरिकेडमुळेच त्यांना वरून उचलून बाहेर काढता येतं. छोट्या हॉलची गोष्ट वेगळी आहे. मी तिला म्हटलं, इथे बॅरिकेड नको. त्याऐवजी दोन्ही कडांना दोन-दोन स्वयंसेवक वाढवा, जमिनीवरचं पाणी दर बँडनंतर पुसा, आणि दिवेवाल्याला पांढऱ्या उजेडाचं बटण हाताशी ठेवायला सांगा. तिने फोनमध्ये लिहून घेतलं आणि खाली आणखी एक ओळ वाढवली: फोटोग्राफरला पूर्ण सेट.