टेंपल बार: पबांच्या मागचं डब्लिन

"टेंपल बारला कशाला जातेस ताई? महागडी बिअर आणि पर्यटकांचा गोंगाट, दुसरं काही नाही तिथे," माझी डब्लिनकर मावसबहीण मला परोपरीनं सांगत होती. डब्लिनच्या मध्यभागातल्या या वस्तीत गोंगाट आहे, हे खरंच. पण मला पब नव्हे, पबांच्या मागची अंगणं बघायची होती. म्हणून शनिवारी, पब उघडायच्या आतच मी तिथे पोचले.

ही वस्ती आज उभी आहे तीच मुळी एका रखडलेल्या बसस्थानकामुळे. १९८०च्या दशकात आयर्लंडच्या सरकारी परिवहन कंपनीला इथे मोठं स्थानक बांधायचं होतं. त्यासाठी ती जुनी घरं, गोदामं विकत घेत सुटली होती. पाडापाडी होईपर्यंत जागा रिकाम्या कशाला ठेवायच्या, म्हणून त्या थोड्या मुदतीनं, अगदी कमी भाड्यानं दिल्या गेल्या. स्वस्त जागा म्हटल्यावर चित्रकार आले, वादक आले, छोटी दुकानं आली. स्थानक काही होईना आणि गल्ल्या मात्र गजबजल्या. शेवटी सरकारनं स्थानकाचा नाद सोडला आणि १९९१ मध्ये वस्ती सांभाळायला वेगळी कंपनी काढली.

डब्लिनकरांचे हात त्याआधी पोळलेले होते. जवळच वुड की इथे जमिनीखाली व्हायकिंग या उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांची जुनी वसाहत सापडली होती. ती वाचावी म्हणून १९७८ मध्ये सुमारे २० हजार लोक रस्त्यावर उतरले, तरी तिच्यावर पालिकेची कार्यालयं उभी राहिलीच. टेंपल बार वाचला, त्यामागे या पराभवाची सल नक्कीच असणार, असं मला वाटतं.

वस्तीच्या आराखड्यासाठी स्पर्धा झाली आणि ती जिंकली 'ग्रुप ९१'नं. आठ छोट्या वास्तुरचनाकार कार्यालयांनी एकत्र येऊन हा गट केला होता. एकालाही मोठं काम मिळण्याची शक्यता नव्हती, म्हणून सगळ्यांनी मिळून मागितलं. त्यांनी सरसकट पाडापाडी केली नाही. होत्या त्या गल्ल्या ठेवल्या, मध्ये दोन चौक मोकळे केले, आणि जिथे जागा सापडली तिथे नवी इमारत बेतानं बसवली.

यूस्टस स्ट्रीटवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये हे नीट कळतं. रस्त्यावरून बघाल तर फक्त एक दार. आत लांब बोळ, आणि बोळ संपतो तिथे एकदम वर काचेचं छप्पर असलेला चौक. चारी बाजूंना क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या जुन्या प्रार्थनास्थळाच्या इमारती, त्यांतच चित्रपटगृहं. पुण्यातल्या वाड्याच्या दिंडीतून आत शिरल्यावर होतं तसंच झालं मला. हे काम ग्रुप ९१ मधल्याच ओडॉनेल आणि टूमी या वास्तुरचनाकारांचं, १९९२चं. मी तिथे चहा घेऊन बराच वेळ नुसती वर बघत बसले होते.

तिथून चार पावलांवर मीटिंग हाउस स्क्वेअर. शनिवारचा बाजार भरला होता. चीज, पाव, ताजे कालव. एका बाजूला 'द आर्क' हे मुलांचं कलाकेंद्र. त्याच्या पाठच्या भिंतीत रंगमंच आहे आणि त्याला स्पॅनिश वास्तुरचनाकार सांतियागो कालात्रावा यांनी केलेला धातूचा घडीचा पडदा. तो उघडला की अख्खा चौक प्रेक्षागृह होतो. समोरासमोर छायाचित्रांचं दालन आणि छायाचित्र संग्रहालय. एका इमारतीतून प्रकाशझोत सोडायचा आणि पलीकडच्या इमारतीवर सिनेमा दाखवायचा, अशी सोय बांधतानाच केलेली. इमारतींनी एकमेकींशी असं शेजारधर्मानं वागावं, हे मला फार आवडलं.

एक गोष्ट मात्र खुपते. ज्या कलाकारांमुळे वस्ती तगली, त्यांनाच पुढे इथलं भाडं परवडेनासं झालं. १९८३ पासूनचं 'टेंपल बार गॅलरी अँड स्टुडिओज' अजून टिकून आहे, तिथे आजही चित्रकार काम करतात. पण अशा जागा अजून हव्या होत्या. सरकारनं पबांना आवर घालायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुपारी मेरियन रो या रस्त्यावर गेले. अर्थखात्याची २००९ची इमारत पाहायची होती. तिच्या शेजारी ह्यूगनॉट म्हणजे फ्रान्समधून आलेल्या प्रॉटेस्टंट लोकांची छोटीशी, १६९३ची दफनभूमी आहे. फिकट चुनखडी दगडाच्या भिंतीत खिडक्या इतक्या खोल बसवल्यात की ऊन सरकेल तशी प्रत्येक खिडकीतली सावली बदलते. सरकारी कचेरी असूनही ती शेजारच्या जुन्या घरांवर दादागिरी करत नाही. ही इमारत ग्राफ्टन आर्किटेक्ट्सची, म्हणजे इव्हॉन फॅरेल आणि शेली मॅकनमारा यांची. ग्रुप ९१ मधल्या आठांपैकी एक! १९७८ मध्ये सुरू झालेल्या या कार्यालयानं पुढे मिलानमध्ये बोकोनी विद्यापीठाची इमारत बांधली, लिमामध्ये अभियांत्रिकी विद्यापीठ बांधलं, आणि २०२० मध्ये या दोघींना प्रित्झकर हा वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार मिळाला. तो दोन स्त्रियांना एकत्र मिळण्याची ती पहिलीच वेळ.

त्याच आठांपैकी मॅकला मलविन यांनी तर आपल्याकडे, पतियाळाच्या थापर विद्यापीठात, लाल दगडाच्या इमारती बांधल्या आहेत. येत्या हिवाळ्यात तिकडे जायचं मनात आहे. कोणी त्या पाहिल्या असतील तर जरूर कळवा.