मॅगझिनकडे बघा, साल कळेल

युद्धपटातली बंदूक ओळखायची असेल तर आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायचा डबा, बघावं. नळीचं तोंड धुरात जातं, दस्ता खांद्याआड लपतो, पण बाजूने घेतलेल्या बहुतेक शॉटमध्ये मॅगझिन दिसतंच. शिवाय त्याचा आकार उगाच ठरत नाही, तो काडतुसावरून ठरतो.

थ्री नॉट थ्रीच्या (०.३०३ इंची) जुन्या ब्रिटिश काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. अशी काडतुसं एकावर एक रचली की रास वाकते. म्हणून ली-एनफिल्ड या ब्रिटिश रायफलच्या मॅगझिनचा तळ तिरका आणि ब्रेनगन या हलक्या मशीनगनचं वरून बसवायचं मॅगझिन विळ्यासारखं वाकडं. नंतरच्या ७.६२ मिलिमीटर नाटो काडतुसाला अशी कड नाही, त्यामुळे त्याची मॅगझिनं सरळ किंवा जवळजवळ सरळ. एसएलआर रायफलचं २० गोळ्यांचं मॅगझिन डोळ्यांसमोर आणा.

आपल्याकडच्या चित्रपटांत घोळ होतो तो ईशापूरच्या कारखान्यातल्या टू-ए-वन रायफलमुळे. ही रायफल ली-एनफिल्डच्या जुन्या नंबर वन मार्क थ्रीच्याच आराखड्यावर बनलेली, पण ७.६२ ची. नळीच्या तोंडापाशी दोन्हींचा चपटा पोलादी मुखवटा सारखाच, त्यामुळे तिथे बघून काही उपयोग नाही. फरक मॅगझिनमध्ये : टू-ए-वनचं चौकोनी डब्यासारखं, तळ सपाट. अगदी जवळचा शॉट असेल तर नेम धरायच्या मागच्या साइटच्या पट्टीवरचे आकडेही बघा. टू-ए-वनवर ते ८०० पर्यंतच असतात, मार्क थ्रीवर २००० पर्यंत.

ही रायफल १९६२ च्या युद्धानंतरची. मे १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ कुणी पडद्यावर आणला आणि शिपायांच्या हातात चौकोनी मॅगझिन दिसलं, तर ती सरळसरळ चूक. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेले. ती रायफल त्यानंतर तीसहून जास्त वर्षांनी आली. चार हुतात्म्यांच्या गोष्टीत तरी एवढी काळजी घेतलीच पाहिजे. तिथे तिरक्या तळाची मार्क थ्रीच हवी.

ली-एनफिल्डचीच नंतरची नंबर फोर ओळखणं त्या मानाने सोपं. तिची नळी लाकडाच्या पुढे उघडी डोकावते आणि मागची साइट नळीवर नसून डोळ्याजवळ, बोल्टच्या (नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) मागे असते.

आता गोळीबार. ली-एनफिल्डमध्ये १० गोळ्या, पाच-पाचच्या दोन क्लिपांनी भरतात. प्रत्येक गोळीनंतर बोल्टचा दांडा वर उचलून मागे ओढायचा आणि पुढे ढकलायचा. हात हलला नाही आणि दुसरा बार ऐकू आला, तर तो आवाज नंतर चिकटवलेला. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकली तर गोळी पुढे सरकतच नाही. खऱ्या सैनिकाला ही धास्ती असायची, पडद्यावर ती क्वचितच दिसते.

बाकीचं थोडक्यात. सबमशीनगनच्या डाव्या बाजूला आडवं मॅगझिन असेल तर ते सरळ आहे की वाकडं ते बघा : सरळ ३२ गोळ्यांचं स्टेनचं, वाकडं ३४ गोळ्यांचं स्टर्लिंगचं. एके घराण्यातली चिनी टाइप ५६ पुढच्या माशीवरून (नळीच्या टोकाजवळच्या नेमाच्या खुंटीवरून) ओळखता येते. माशीभोवतीचं कडं पूर्ण बंद असतं, रशियन एके-४७ चं वरून उघडं. अर्धपारदर्शक प्लास्टिकचं मॅगझिन भारतीय इन्सास रायफलचं. कारगिलच्या, म्हणजे १९९९ च्या चित्रपटात ती शोभते, १९७१ च्या चित्रपटात अजिबात नाही.

ब्रेनगनबाबत मात्र घाई नको. तीही पुढे ७.६२ मध्ये आली, तेव्हा नुसतं वरचं मॅगझिन दिसलं म्हणून १९४४ चा ब्रह्मदेश मान्य करू नका. चित्र थांबवून वाक बघा. मॅगझिन जवळजवळ सरळ असेल, तर ती बंदूक दुसऱ्या महायुद्धातली नाही.