नांगरट नाही, मग पेरता कशात?

कोपरखैरण्यात आमच्या इमारतीत निम्मी माणसं साताऱ्याकडची. कुणी मार्केटात माथाडी, कुणी कंपनीत, आणि गावाकडे प्रत्येकाची दोन-चार एकर कोरडवाहू. जिन्यात गाठ पडली की प्रश्न ठरलेला: "नांगरट करत नाही म्हणे तुम्ही. मग पेरता कशात?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा नीट लिहितो.

गेल्या पिकाच्या धसकटांतच, म्हणजे कापणीनंतर रानात उरलेल्या बुडख्यांतच पेरतो. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातलं आमचं २० गुंठ्यांचं रान चार वर्षं बिननांगराचं आहे. ही रीत पहिल्यांदा पाहिली ती नेरळला, शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा बाग या शेतावर. गादीवाफे, म्हणजे उंच सपाट वाफे, एकदाच करायचे, चिखलणी (पाणी भरून माती कालवणं) नाही, भात कापला की मुळं जमिनीतच ठेवायची. लोकलने ठाण्याला परत येताना वाटत होतं, धो धो पावसाच्या मुलखात यांना मुळं मोलाची वाटतात, मग आमच्या माणात ती उपटून फेकायची कशाला?

पाण्याचा हिशेब बघा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे गुंठ्याला सुमारे १०० लिटर. २० मिलिमीटरचा वळीव झाला तर २० गुंठ्यांवर ४०,००० लिटर, म्हणजे दहा-दहा हजारांचे चार टँकर. नांगरलेली भुसभुशीत माती पावसाच्या माराने फुटते, बारीक कण भोकं बुजवतात, वर पापडी धरते आणि त्या टँकरांतलं बरंचसं पाणी माती घेऊन ओढ्याला जातं. न मोडलेल्या रानात जुन्या मुळांच्या, गांडुळांच्या वाटा शाबूत असतात. पाणी त्यांतून खाली उतरतं.

पहिलं वर्ष वाईट गेलं. पाभर (पेरणीचं अवजार) धसकटात अडकली, बी वरच राहिलं, ज्वारी विरळ उगवली. तेव्हापासून टोकण करतो, म्हणजे हाताने बी मातीत टोचतो. तण फुलायच्या आत विळ्याने कापून तिथेच पसरतो. २० गुंठ्यांना हे घरच्या माणसांत निभतं. पाच एकरांना निभणार नाही, तिथे तणनाशक लागेल, हे आधीच सांगतो.

पण खरी अडचण कडब्याची. जनावरांच्या तोंडचा घास जमिनीला कसा द्यायचा? आणि आईने तर उभ्या जन्मात धसकटं वेचून चूल पेटवलेली. रान तसंच सोडणं म्हणजे तिला घर न झाडता सोडल्यासारखं वाटायचं. शेवटी ज्वारी जमिनीपासून वीतभर उंचीवर कापायची ठरवली. कडबा गोठ्यात, बुडखे रानात. तूरही उपटत नाही, बुडाशी कापतो. सुगीनंतर गावची जनावरं मोकळी सुटतात, म्हणून बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालावंच लागतं. त्यात हयगय झाली की वर्षाची मेहनत एका दुपारी चरून जाते.

आईला पटलं ते इथे, कोपरखैरण्याच्या स्वयंपाकघरात. गावाहून दोन वाळकी ढेकळं आणली होती, एक बांधापलीकडच्या नांगरलेल्या रानातलं, एक आमचं. काचेच्या दोन ग्लासांत पाणी घेऊन अलगद सोडली. चहा उकळेपर्यंत पहिल्याचा गाळ होऊन तळाशी बसला, पाणी गढूळ. आमच्याच्या कडा थोड्या सुटल्या, पण केसासारख्या मुळ्यांनी धरलेलं ढेकूळ उभं राहिलं आणि वरचं पाणी नितळ. आई बराच वेळ ग्लासांकडे बघत होती. त्यानंतर तिने धसकटं वेचायचं नाव काढलं नाही.

तुम्ही मे महिन्यात गावी जाल, तेव्हा तुमच्या रानातलं मुठीएवढं ढेकूळ घेऊन या. चांगलं वाळलेलंच आणा, ओल्या ढेकळाने काही कळत नाही.