चहाचं पान धुतलं जात नाही
आज किराणा दुकानात सुट्ट्या चहाचं पोतं पाहिलं. कुठल्या मळ्यातला, कोणी तपासलेला, काकांना काहीच माहीत नव्हतं. दिवसभर तेच डोक्यात आहे. भाजी, द्राक्षं आपण फवारणीचे अंश जावेत म्हणून धुऊन घेतो. चहाची पानं मात्र खुडली की न धुताच कोमेजवतात, चुरतात, आंबवतात, वाळवतात. त्यांना पहिलं पाणी लागतं ते थेट आपल्या आधणाचं! पाण्यात सहज विरघळणारी कीटकनाशकं कपात जास्त उतरतात, डीडीटीसारखी पाण्यात फारशी न विरघळणारी बरीचशी चोथ्यात राहतात. युरोपात वेगळी मर्यादा न ठरलेल्या कीटकनाशकाच्या अंशाला किलोमागे फक्त ०.०१ मिलिग्रॅमची मुभा असते. आपल्याकडेही एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मर्यादा आहेत, मळ्यात कोणती कीटकनाशकं वापरावीत हे सांगणारी टी बोर्डाची पीकसंरक्षण संहिता आहे. मग निर्यातीच्या चहाइतकीच कसून तपासणी या पोत्यातल्या चहाचीही व्हायला हवी. आपल्याकडे लहान मुलंसुद्धा चहा-चपाती खातात हो!